गळा आणि गुडविल

बी.कॉम.ला भागीदारीचे हिशेब शिकताना आमच्या पुस्तकात अ, ब आणि क असे तिघे भागीदार असत. त्यांचं एकमेकांशी कधी पटलं नाही. पान उलटलं की अ निवृत्त व्हायचा, ब मरायचा आणि ड नावाचा कोणी इसम भांडवल घेऊन आत शिरायचा. दर वेळी आम्ही गुडविलची, म्हणजे पेढीच्या नावलौकिकाची, किंमत काढून ज्याचा त्याला वाटा देत असू. पण अ का निघून गेला, जाताना काय बोलला, हे पुस्तकात कुठंही दिलेलं नसे. ते कळायला मला संगीत नाटक मंडळ्यांचा इतिहास वाचावा लागला.

परवा शेजारचा गिटारवाला मुलगा मोठ्या दुःखानं सांगत होता, की अमेरिकेत एल पासो गावी ‘अ‍ॅट द ड्राइव्ह-इन’ नावाचा बँड होता, तो 2001 साली ऐन भरात फुटला आणि त्याचे ‘द मार्स व्होल्टा’ आणि ‘स्पार्टा’ असे दोन बँड झाले. मी म्हटलं, ‘‘बाळ, अशा गोष्टी मुंबईकरांना सांग. आम्ही सातारा-सांगलीकडची माणसं. फुटणं आम्हाला नवीन नाही.’’

कारण या धंद्याची सुरुवातच आमच्याकडची. 1843 साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं ते संस्थानाधिपती चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानं. 1851 साली राजेसाहेब वारले आणि आश्रय आटला. मग भावे मंडळी घेऊन गावोगाव निघाले आणि नाटकाला तिकीट आलं. तिकीट आलं की गल्ला आला, गल्ला आला की वाटणी आली, आणि वाटणीबरोबर काय येतं हे कुठल्याही वाड्यातल्या चार भावांना विचारावं. बघता बघता सांगलीकर, इचलकरंजीकर, अळतेकर, कोल्हापूरकर अशा मंडळ्यांचं पीक आलं.

सातारकर तसे चिवट. 1881 साली इथं ‘शाहूनगरवासी नाटक मंडळी’ निघाली. शाहूनगर म्हणजे साताराच. तिच्यात गणपतराव जोशी नायक आणि बाळाभाऊ जोग नायिका. कऱ्हाडजवळच्या टेंभूच्या आगरकरांनी मराठीत आणलेला ‘हॅम्लेट’ गणपतरावांनी असा गाजवला, की डेन्मार्कचा तो राजपुत्र आमच्या आजोबांच्या पिढीला शनिवार पेठेतलाच वाटे. या मंडळींची नाटकं गद्य. गाणं नव्हतं म्हणून जोडी टिकली, असं माझं एक खासगी मत आहे.

गाणं जिथं होतं तिथला प्रकार वेगळा. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880 साली पुण्यात ‘शाकुंतल’ केलं, 1882 साली ‘सौभद्र’. त्याच वर्षी बडोद्याहून भाऊराव कोल्हटकर आले आणि सुभद्रा म्हणून उभे राहिले. त्या गळ्यानं महाराष्ट्र वेडा झाला. पुढे 1885 साली अण्णासाहेब गेले, अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी. 1901 साली भाऊराव गेले. तरी कंपनी उभी, कारण हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांनी तिला नाटकं दिली होती आणि तालमीही. 1905 साली मिरजेत तिला नवा गळा मिळाला, नागठाण्याच्या राजहंसांचा नारायण, म्हणजे बालगंधर्व. 1911 साली सांगलीच्या खाडिलकरांचं ‘मानापमान’ आलं आणि त्याच वर्षी त्यातले धैर्यधर, नानासाहेब जोगळेकर, वारले.

आता खरं गणित सुरू होतं. कंपनीच्या मालकीचं काय? तर पडदे, पेट्या, दागिने, नाव. गल्ला कशावर? तर गळ्यावर. आणि गळा कंपनीच्या पेटीत राहत नाही, तो गवयाबरोबर घरी जातो! 1913 साली तो गेलाच. बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे या तिघांनी ‘गंधर्व नाटक मंडळी’ काढली. थोड्याच काळात टेंबे तिथूनही निघाले आणि त्यांनी ‘शिवराज’ काढली. पुढे बोडसही बाहेर पडले. इकडे किर्लोस्करांनी हार न मानता गोव्याच्या मंगेशीचा एक पोरगा उभा केला, दीनानाथ मंगेशकर. तो तयार झाला आणि 1918 साली चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांच्याबरोबर बाहेर पडून त्यानं ‘बलवंत संगीत मंडळी’ काढली. म्हणजे किर्लोस्कर कंपनी ही कंपनी कमी आणि कंपन्या उबवणारी कोंबडी जास्त, असं झालं.

हसायला ठीक आहे, पण भागीदारीत देण्याची जबाबदारी अमर्याद असते, हा धडा या माणसांनी पुस्तकातून नव्हे, अंगावर घेतला. एकटे मालक उरलेल्या बालगंधर्वांनी खरे शालू, खरं अत्तर, भारी पडदे यांत हात आखडला नाही. डोक्यावर कर्ज चढलं, ते उतरवायला वर्षानुवर्षं तोंडाला रंग लावला. बलवंत मंडळी सांगलीला बिऱ्हाड करून राहिली. तिथंच 1933 साली आशाताईंचा जन्म झाला. बोलपटाच्या लाटेत मंडळीनंही ‘कृष्णार्जुन युद्ध’ काढलं, पण मंडळी काही वाचली नाही. 1942 साली दीनानाथ गेले तेव्हा त्यांची पाचही मुलं लहान होती. गळा तारण ठेवून कर्ज देण्याची सोय तेव्हा नव्हती. आमच्या बँकेत आजही नाही.

मग या फुटण्यात कमावलं कोणी? गंधर्व मंडळी निघाली म्हणून 1916 साली देवलांचा ‘संशयकल्लोळ’ आणि खाडिलकरांचं ‘स्वयंवर’ तिथं उभं राहिलं, 1919 साली गडकऱ्यांचा ‘एकच प्याला’. बलवंत निघाली म्हणून गडकऱ्यांचं ‘भावबंधन’ आलं, 1931 साली सावरकरांचं ‘संन्यस्त खड्ग’. सगळे एकाच छपराखाली सुखानं नांदले असते तर एका वेळी एकच नायिका आणि एकच नवं नाटक. बाकीचे गळे कोरसात म्हातारे झाले असते.

आणि ही माणसं कायमची तुटलीही नव्हती. 1921 साली टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि ‘ललितकलादर्श’चे केशवराव भोसले, म्हणजे दोन प्रतिस्पर्धी मालक, मुंबईत ‘संयुक्त मानापमान’साठी एका रंगमंचावर उभे राहिले. एक भामिनी, एक धैर्यधर. त्यानंतर तीनच महिन्यांनी केशवराव गेले. पण त्या रात्रीचा हिशेब मात्र आजतागायत कोणी वाटून मागितलेला नाही.

मी वहीत एवढंच मांडतो. तोटा सगळा मालकांच्या नावे पडला. गुडविल मात्र वाटणीतून निसटलं आणि प्रेक्षकांच्या खात्यावर जमा झालं. कुठं ‘सौभद्र’ लागलं की आपण त्याचं व्याज घेतो, आणि मुद्दल भरणाऱ्याचं नावही विचारत नाही. निदान ते तरी विचारावं, म्हणून हा खटाटोप.