बाळागोळी, आठ आणे आणि पाळणाघर

शंभर वर्षांपूर्वीच्या गिरणगावात ‘बाळागोळी’ नावाची एक गोळी सहज मिळत असे. तिच्यात अफू असे. गिरणीचा भोंगा होण्याआधी आई ती तान्ह्याला चाटवी आणि कामावर जाई. मूल दिवसभर गुंगीत पडून राही. मुंबई सरकारने नेमलेल्या डॉ. फ्लॉरेन्स बार्न्स यांनी १९२१-२२ मध्ये गिरणीकामगार स्त्रियांच्या बाळंतपणाची पाहणी केली. या स्त्रियांच्या तान्ह्या मुलांपैकी सुमारे ९८ टक्के मुलांना अफू दिली जाते, असे त्यांनी नोंदवले.

हा आकडा वाचून त्या आयांना अडाणी ठरवणे सोपे आहे, आणि त्या काळच्या पुष्कळ भल्या माणसांनी तेच केले. पण १९२२ च्या कारखाना कायद्यानेदेखील दिवसाला ११ तासांचे काम मान्य केले होते. चाळीतली खोली एक, घरात सासू नाही कारण सासू कोकणात किंवा घाटावर, आणि मुलाला सांभाळायला असलीच तर सहा-सात वर्षांची थोरली बहीण. अशा घरात अफू ही पाळणाघराची जागा भरून काढत होती.

हा धागा दोन सवलतींचा आहे : बाळंतपणाचा भत्ता आणि कामाच्या ठिकाणचे पाळणाघर. दोन्हींचा खर्च कोणी सोसायचा, या प्रश्नाने त्यांचे पुढे काय केले, ते पाहू.

आधी मृत्यूंविषयी. १९२१ मध्ये मुंबईत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे साडेसहाशेहून अधिक अर्भके दगावली, असे सरकारी आकडे सांगतात. हा आकडा जसाच्या तसा घेऊ नये. कामकरी स्त्रिया बाळंतपणासाठी गावी जात. जन्माची नोंद गावात होई किंवा होतच नसे. मूल घेऊन आई मुंबईला परतली आणि ते इथे गेले, तर मृत्यूची नोंद मात्र मुंबईत होई. त्यामुळे प्रमाण फुगलेले दिसते. पण फुगवटा वजा केला तरी जे उरते तेही भयंकरच आहे.

बार्न्स यांची पाहणी आकाशातून पडली नव्हती. १९१९ मध्ये वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने प्रसूतीविषयीचा करार मंजूर केला : बाळंतपणाआधी सहा आठवडे, नंतर सहा आठवडे विश्रांती, आणि त्या काळातला खर्च सरकारी तिजोरीतून किंवा विम्यातून. भारत सरकारने हा करार स्वीकारला नाही. अभ्यास करू, एवढे आश्वासन दिले. पुढे ना. म. जोशी यांनी १९२४ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात प्रसूती भत्त्याचे विधेयक आणले. दुसऱ्या वर्षी ते फेटाळले गेले.

मग प्रश्न मुंबईत आला. १९२८ मध्ये रा. स. आसवले यांनी मुंबई कायदे कौन्सिलात विधेयक मांडले. ‘भारतातल्या स्त्रियांना बाळंतपणाची रजा बाबासाहेबांनी दिली’ असे संदेश दरवर्षी एप्रिलमध्ये फिरतात. त्यात आसवल्यांचे नाव नसते. विधेयक आसवल्यांचे होते आणि बाबासाहेब त्याचे खंदे समर्थक होते, हे सांगितल्याने बाबासाहेबांचे काही उणे होत नाही. उलट त्या दिवशी ते नेमके काय म्हणाले, याकडे लक्ष जाते.

तो दिवस २८ जुलै १९२८. मुंबईच्या गिरण्या त्या वेळी बंद होत्या. एप्रिलमध्ये सुरू झालेला मोठा संप ऑक्टोबरपर्यंत चालायचा होता. कौन्सिलात मालकवर्गाचा आक्षेप ठरलेला होता : हा बोजा एकट्या उद्योगावर का? बाबासाहेबांनी तो आक्षेप झटकून टाकला नाही. आईला बाळंतपणाआधी आणि नंतर विसावा मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून या खर्चाचा मोठा भाग सरकारने उचलायला हवा, हे त्यांनी मान्य केले. पण मालकही सुटत नाही, असेही त्यांनी बजावले. ज्या कामात पुरुषाऐवजी स्त्री ठेवल्याने मालकाचा अधिक फायदा होतो, त्या कामात त्या स्त्रीच्या बाळंतपणाचा काही भार त्याने सोसणे रास्तच आहे. म्हणजे त्यांच्या युक्तिवादाला दोन पाय होते, सरकार आणि मालक.

१९२९ मध्ये कायदा झाला तो एका पायावर. भारतातला हा पहिला प्रसूती भत्ता कायदा. दर दिवसाला आठ आणे, आणि ते सगळे मालकाने द्यायचे. सरकारचा वाटा नाही, विमा नाही. बाळंतपणानंतर चार आठवडे बाईला कामावर घेण्यास बंदी. आठ आणे म्हणजे अर्धा रुपया. बहुतेक गिरणीकामगार स्त्रियांच्या रोजाहून कमीच. तरीही ही लहान गोष्ट नव्हती. तोवर टाटांच्या गिरण्यांसारख्या मोजक्या ठिकाणी असा भत्ता मालकाच्या मर्जीने मिळत असे. आता तो हक्क झाला. दुसऱ्याच वर्षी मध्य प्रांताने असाच कायदा केला, मग इतर प्रांतांनी.

मात्र पाचव्या आठवड्यात काय होई, ते पाहा. भत्ता संपला. मूल महिन्याचे. आईला रीळ खात्यात किंवा वाइंडिंगमध्ये परत जायचे आहे, आणि बदली कामगारीण तिची जागा धरून बसली आहे. मूल ठेवायचे कुठे? पाळणाघराचा कायद्यात उल्लेख येतो तो १९३४ च्या कारखाना कायद्यात. तिथेही सक्ती नाही. पन्नासहून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यांसाठी तसा नियम करण्याचा अधिकार तेवढा प्रांतिक सरकारांना दिला. एक सवलत महिन्याच्या मुलापाशी थांबली, दुसरी अजून सुरूच झाली नव्हती. मधली फट बाळागोळीने भरली.

मला या कायद्यांत सर्वात बोलकी वाटते ती ‘पन्नासहून अधिक स्त्रिया’ ही मोजणी. तिचा अर्थ असा, की पन्नासावी बाई मालकाला नुसता तिचा पगार पडते आणि एक्कावन्नाव्या बाईबरोबर पाळणाघर, दाई आणि दूध येते. भत्त्याचेही तसेच. पुरुष कामगाराच्या नावावर हा खर्च कधीच चढत नाही. कायदा स्त्रीच्या रक्षणासाठी होता आणि हिशेबाच्या वहीत त्याने स्त्रीला महाग करून ठेवले.

याचा पुरावा रेगे समितीने दिला. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४ ते ४६ या काळात, द. वि. रेगे यांच्या अध्यक्षतेखाली देशभरच्या कामगारांची चौकशी झाली. भत्ता टाळण्यासाठी काही मालक गर्भारपणाची पहिली लक्षणे दिसताच बाईला कामावरून काढतात, आणि काही ठिकाणी अविवाहित मुली, विधवा किंवा मूल होण्याचे वय उलटलेल्या स्त्रियाच घेतल्या जातात, असे समितीला आढळले.

आता इथे सावध राहायला हवे. विसाच्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत दर पाच कामगारांमागे सुमारे एक स्त्री होती. सत्तरीच्या दशकापर्यंत शंभरात मोजक्याच उरल्या. ही घट केवळ आठ आण्यांमुळे झाली, असे म्हणणे चूक ठरेल. रात्रपाळी वाढली आणि स्त्रियांना रात्री कामाला बंदी होती. नवी यंत्रे आली, रीळ खात्यासारखी बायकांची खाती आक्रसली. मंदीत पुरुषांच्याही नोकऱ्या धोक्यात आल्या, तेव्हा त्या वाचवण्याकडे कामगार संघटनांचाही कल राहिला. भत्ता आणि पाळणाघर ही कारणे या यादीत शेवटची असतील. पण मालकांच्या तोंडी ती पहिली असत, कारण ती सांगायला सोयीची होती.

स्वातंत्र्यानंतर एक गोष्ट बरी झाली. १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने मालक आणि कामगार दोघांच्या वर्गणीतून निधी उभा केला आणि प्रसूतीचा भत्ता त्या निधीतून देण्याची सोय केली. ज्या कारखान्याला हा कायदा लागू झाला, तिथे बाईचे बाळंतपण एकट्या मालकाच्या खात्यावर पडेनासे झाले. वॉशिंग्टनच्या करारातली विम्याची कल्पना २९ वर्षांनी का होईना, पोहोचली. त्याच वर्षीच्या कारखाना कायद्याने पाळणाघर सक्तीचे केले, पण मोजणी तीच ठेवली : पन्नासहून अधिक स्त्रिया. १९७६ मध्ये ती तीसवर आली.

१९६१ च्या प्रसूती लाभ कायद्याने बारा आठवड्यांची पगारी रजा दिली. विमा योजनेबाहेरच्या नोकऱ्यांत तिचा खर्च पुन्हा मालकावर. याच कायद्यात मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत त्याला पाजण्यासाठी दिवसातून दोन सुट्ट्या आहेत. मूल डोंबिवलीला आणि आई फोर्टात असेल, तर या सुट्टीत तिने काय करायचे, याबद्दल कायदा मौन बाळगतो. पाळणाघर एका कायद्यात आणि स्तनपान दुसऱ्यात, ही विभागणी इतकी वर्षे टिकली.

ती २०१७ च्या दुरुस्तीत सांधली गेली. रजा सव्वीस आठवडे झाली. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय आवश्यक झाली आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाण्याची मुभा मिळाली. या वाक्यातला ‘कर्मचारी’ हा शब्द महत्त्वाचा आहे. मोजणी आता स्त्रियांची नाही, सगळ्यांची आहे. पाळणाघरापुरती तरी एक्कावन्नावी बाई महाग राहिली नाही.

रजेचे तसे झाले नाही. दरमहा २१,००० रुपयांहून अधिक पगार असलेली बाई विमा योजनेत बसत नाही. तिचा सव्वीस आठवड्यांचा पगार मालकाच्याच खिशातून येतो, आणि मुलाखतीत तिला ‘लग्न कधी?’ असे विचारले जाते. नोव्हेंबर २०१८ मध्ये केंद्रीय कामगार मंत्रालयाने सव्वीसपैकी सात आठवड्यांचा पगार सरकारने मालकांना भरून देण्याचा प्रस्ताव जाहीर केला. खर्चाचा काही वाटा सरकारने उचलावा, हा मुद्दा मुंबई कौन्सिलच्या कामकाजात त्याआधी नव्वद वर्षांपूर्वीच नोंदलेला आहे.