झगा ओढण्याची चाल

ऑक्सफर्डच्या पदवीदानात प्रॉक्टर नावाचे अधिकारी मध्येच उठतात, सभागृहात काही पावले चालत येतात आणि परत फिरतात. विद्यार्थ्याने उधारी थकवली असेल, तर पूर्वी दुकानदार त्या वेळी प्रॉक्टरचा झगा ओढून पदवी अडवू शकत असे. आता झगा कुणी ओढत नाही. चालणे तेवढे टिकले आहे.

लेकीच्या समारंभाला शेल्डोनियनमध्ये बसून मी ते पाहत होते. क्रिस्टोफर रेनने उभारलेली ही वास्तू १६६९ची. विधी लॅटिनमधून, समजले थोडेच. मनात होत्या कॉर्नेलिया सोराबजी. जन्म नाशिकचा, शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात. १८९२ साली त्यांनी ऑक्सफर्डला कायद्याची बी.सी.एल. परीक्षा दिली, पण बायकांना पदवीच मिळत नसे. नियम बदलला १९२० साली. सोराबजींच्या हाती पदवी पडली १९२२मध्ये. तीस वर्षांची ही थकबाकी विद्यापीठाची. तिच्यासाठी झगा कुणी ओढायचा?

पदवी मिळालेले बाहेर जाऊन नवे झगे चढवून परत आले. मुलींच्या त्या घोळक्यात माझी लेक मला चटकन सापडलीच नाही.