जुन्या वैयक्तिक संगणकांतील माउस, ड्रायव्हर आणि पोर्ट : जुळणीचा इतिहास

येवल्याच्या पैठणी व्यवसायात तिल्लीने नक्षी भरण्याच्या पारंपरिक पद्धतीबरोबरच जेकार्डचा वापरही रूढ झाला. फ्रान्समध्ये १८०४ च्या सुमारास साकारलेल्या या यंत्रणेत छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ नक्षी ठरविते. मात्र पुठ्ठ्यावरील छिद्रे आणि यंत्रातील हूक यांची रचना जुळली नाही, तर नक्षी कितीही देखणी असो, ती मागावर उतरत नाही. छिद्रित कार्डांचा वारसा संगणकाने पुढे चालविला, हे सर्वश्रुत आहे. जुळणीची अडचणही संगणकाच्या वाट्याला आली, याकडे मात्र फारसे लक्ष गेलेले नाही. प्रस्तुत लेखात माउसच्या उदाहरणावरून तिचा विचार केला आहे.

मायक्रोसॉफ्टने १९८३ मध्ये आणलेल्या माउससाठी संगणकात स्वतंत्र कार्ड बसवावे लागे. त्या काळी स्लॉट मोजकेच असत. पुण्याच्या सी-डॅकचे देवनागरीसाठीचे जिस्ट कार्डही असाच एक स्लॉट अडवीत असे. सिरियल पोर्टला जोडावयाच्या माउसने स्लॉट वाचविला, पण नवे प्रश्न निर्माण केले. मायक्रोसॉफ्टच्या पद्धतीचा माउस प्रत्येक हालचालीची माहिती तीन बाइटांत पाठवी, तर माउस सिस्टिम्सच्या पद्धतीचा पाच बाइटांत. प्लग तोच, पोर्ट तोच. परंतु ड्रायव्हर दुसऱ्या पद्धतीचा असल्यास पडद्यावरील बाण भरकटे किंवा जागचा हलतच नसे. म्हणून कित्येक माउसच्या तळाशी पद्धत बदलण्याचे बटन दिलेले असे. ड्रायव्हरची ओळख पटविण्याची रीतही मोठी चतुर होती : त्याने पोर्टच्या एका तारेवरील विद्युतदाब खाली-वर करताच मायक्रोसॉफ्ट पद्धतीचा माउस ‘एम’ हे अक्षर पाठवून आपली हजेरी लावी.

याहून त्रासदायक ठरला तो इंटरप्टचा संघर्ष. कॉम १ व कॉम ३ या पोर्टांना सामान्यतः चौथी, तर कॉम २ व कॉम ४ यांना तिसरी इंटरप्ट रेषा सामाईक असे. विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सार्वजनिक इंटरनेट सेवा सुरू केल्यानंतर मोडेमचा प्रसार वाढला. माउस कॉम १ वर आणि मोडेम कॉम ३ वर असल्यास दूरध्वनी जोडला जाताच माउस निश्चल होण्याची शक्यता असे. वापरणारा माउसलाच दोष देई; वास्तविक दोष वाटपाचा होता.

आयबीएमने १९८७ मध्ये आणलेल्या पीएस/२ पोर्टाने माउसला बारावी रेषा स्वतंत्र दिली. तथापि तो गोल, सहा टाचण्यांचा प्लग सिरियल पोर्टाला जोडून देणारा लहानसा अडॅप्टर फसवा होता. त्यात केवळ तारांची जोडणी असे, भाषांतर नसे. दोन्ही भाषा जाणणाऱ्या माउसलाच त्याचा उपयोग होई. १९९६ मध्ये यूएसबीचे पहिले मानक आले आणि माउस, कळफलक यांसारख्या उपकरणांसाठी एक सामाईक वर्ग ठरला; त्यामुळे प्रत्येक माउसबरोबर ड्रायव्हरची फ्लॉपी बाळगण्याची गरज पुढे संपली. काही नव्या मदरबोर्डांवर पीएस/२ चे गोल छिद्र मात्र अद्याप आढळते.