बॅटरीतल्या चोराचा माग

अहिल्यानगरच्या (बोलताना अजून नगरच) कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये रोल्स-रॉईसची जुनी चिलखती गाडी ठेवली आहे. तिच्या पिढीतल्या बहुतेक गाड्या हँडल मारून चालू व्हायच्या आणि ठिणगी मॅग्नेटो द्यायचा. इंजिन फिरलं की हा मॅग्नेटो चुंबकाच्या जोरावर आपल्यापुरती वीज करतो आणि थांबलं की गप्प बसतो. फिरोदियांची लूना मोपेड १९७२ साली आली आणि नगरच्या कायनेटिक कारखान्यात बनत गेली. तिचंही तसंच होतं. दिवा इंजिनाबरोबर मंद-तेज व्हायचा, पण रात्रीत बॅटरी उतरण्याचा प्रश्न नव्हता, कारण बॅटरीच नव्हती.

हे दुखणं आलं ते सुखाच्या पाठोपाठ. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंगचा सेल्फ-स्टार्टर बसला. स्टार्टर फिरवायला बॅटरी हवी, बॅटरी भरायला डायनामो हवा. आणि एकदा बॅटरी घरात आली म्हटल्यावर हॉर्न, वायपर, घड्याळ, सगळ्यांनी तिच्याच जिवावर मुक्काम ठोकला.

पहिला चोर मात्र डायनामोच्या बाजूलाच होता. गाडी थांबली की बॅटरीतली वीज उलटी डायनामोत जाऊ नये म्हणून मध्ये कट-आउट नावाची छोटी रिले असते. तिचे पॉइंट जळून चिकटले की बॅटरी डायनामोलाच मोटरसारखं फिरवू पाहते. पट्टा त्याला फिरू देत नाही, मग डायनामो नुसता तापतो. जुने मिस्त्री म्हणूनच बंद गाडीचा डायनामो आधी हाताने चाचपतात. पुढे अल्टरनेटर आला, कट-आउट गेला आणि त्याचं काम डायोडकडे आलं. तो फुटला तर चोरी तीच.

माग काढण्याची रीत मात्र मोटारीच्या बाहेरची आहे. पंपाची मोटर गुंडाळणाऱ्या दुकानात सिरीजचा दिवा असतो: दिवा पेटला म्हणजे वीज पलीकडे पोहोचते आहे. तोच डाव इथे. सगळं बंद करायचं, बॅटरीच्या निगेटिव्हची केबल काढायची आणि ती केबल व खांब यांच्यामध्ये बारा व्होल्टचा बल्ब जोडायचा. बल्ब पेटला तर गाडी झोपेत वीज खाते आहे. मग एकेक फ्यूज काढत जायचं. ज्या फ्यूजला दिवा विझेल, त्या वायरीवर चोर. कुर्ल्यात बनलेल्या फियाट आणि पद्मिनीसारख्या गाडीत फ्यूज मोजकेच, त्यामुळे तपास लवकर आटोपतो. बहुतेकदा सापडतो तो मागाहून बसवलेला कॅसेट प्लेअर, नाहीतर डिकीचा न विझणारा दिवा. पाच वॅटचा तो दिवा ०.४ अँपिअर घेतो. ४० अँपिअर-अवरची भरलेली बॅटरी शंभर तासांत, म्हणजे जेमतेम चार दिवसांत, सपाट.

बल्बवर माझा विशेष लोभ आहे. मीटर अँपिअरवर लावलेला असताना कोणी चुकून चावी फिरवून स्टार्टर मारला तर मीटरचा फ्यूज उडतो. बल्ब नुसता झगझगतो, कारण तो स्वतःच विजेला आवर घालतो. पण त्याला बारीक चोरी दिसत नाही. ५० मिलिअँपिअरला तो जराही लाल होत नाही, आणि तेवढ्यावर तीच बॅटरी साधारण महिन्याभरात संपते. रोज फिरणाऱ्या गाडीला याचं काही नाही. लग्नसराईलाच बाहेर पडणाऱ्या हौशीच्या गाडीला मात्र तेवढं पुरतं. तिथे मल्टिमीटर लागतो. त्याचा पूर्वज एव्होमीटर १९२३ चा. तो सुचला डोनाल्ड मॅकॅडी या ब्रिटिश पोस्ट खात्यातल्या इंजिनिअरला, आणि नावातली तीन अक्षरं अँपिअर, व्होल्ट, ओहम यांची.

सगळे फ्यूज काढूनही बल्ब पेटताच राहिला, तर नवशिका गोंधळतो. जुन्या गाडीत डायनामोची किंवा अल्टरनेटरची जाड वायर बहुधा फ्यूजमधून जातच नाही. स्टार्टरचीही नाही. ती एकेक सोडवून पाहायची. उलट बल्ब पेटत नाही, मीटरही काही दाखवत नाही आणि तरी बॅटरी उतरते, तर बॅटरीचं झाकण बघावं. ॲसिडचा ओलावा आणि धूळ मिळून त्यावर वीज वाहून नेणारा थर साचतो. मीटरचं एक टोक खांबाला आणि दुसरं नुसत्या प्लास्टिकवर टेकवलं तरी व्होल्ट दिसतात. अशा वेळी वायरिंग उकलण्याआधी खायच्या सोड्याच्या पाण्यात फडकं भिजवून झाकण पुसावं, फक्त ते पाणी बॅटरीच्या बुचांतून आत जाऊ देऊ नये.