मामाजींचा डोळा आणि माझा

दीड महिना झाला, इथे काही लिहिलं नाही. पुतणे-भाचे फोनवर विचारतात, "काय, ब्लॉग मिटवला की काय?" ब्लॉग नाही रे बाबांनो, डोळा मिटला होता. आता अक्षरं मोठी करून हळूहळू टंकते आहे. शुद्धलेखनाच्या चुका माझ्या जुन्या विद्यार्थ्यांनी पोटात घालाव्यात, मी त्यांच्या कधी घातल्या नसल्या तरी!

झालं असं. संकष्टीला चिंतामणीच्या दर्शनाला गेले. आमचं कळंबचं देऊळ ज्यांनी पाहिलंय त्यांना ठाऊक आहे, इथे देवाकडे चढून नाही, जमिनीखाली उतरून जावं लागतं. उतरताना घाम पुसायला पदर डाव्या डोळ्यावर नेला आणि समोरच्या पायऱ्याच गायब! वरचे दिवे नीट, माणसांची तोंडं नीट, खाली मात्र गढूळ पाणी. पायरीची कड दिसली ती वाकडी. दुखणं नाही, लाली नाही, काही नाही.

घरात एकमताने ठरलं की मोतीबिंदू असेल, दिवाळीनंतर बघू. या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन सहा वर्षांपूर्वीच झालंय, हे दोन दिवसांनी मलाच आठवलं. मग झोप लागेना. डोळ्यांसमोर मामाजी. शेवटी नवव्या दिवशी पुतण्याने गाडी काढली आणि नागपूरला नेलं.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी डोळ्याआधी दंडाला पट्टा बांधला. बीपी १७६ वर १००. मग पडद्याचा फोटो काढून दाखवला. वरच्या अर्ध्या भागात पंख्यासारखे रक्ताचे शिंतोडे. मी म्हटलं, "बाई, मला तर खालचं दिसत नाही." म्हणून झाल्यावर माझं मलाच हसू आलं. सूचिछिद्र कॅमेऱ्यात मेणबत्ती उलटी दिसते, हे मी सातवीला किती वर्षं शिकवलं!

पडद्यावर रक्त आणणाऱ्या रोहिण्या आणि परत नेणाऱ्या नीला एकमेकींना ओलांडतात. जिथे ओलांडतात तिथे दोघींचं वरचं वेष्टण एकच असतं. वर्षानुवर्षं बीपी वाढलेलं असलं की रोहिणी जाड, टणक होते आणि शेजारच्या मऊ नीलेला दाबते. रक्त तिथे घोटाळतं, गुठळी होते. शेतातल्या नाल्याची मोरी गाळाने तुंबली की मागचं पाणी बांध फोडून वावरात पसरतं ना, तसंच. पाणी पडद्याच्या मध्यभागी साचलं की अक्षरं पुसट होतात, रेघा वाकतात. माझी एक फांदी तुंबली. मामाजींचं बहुधा खोडच तुंबलं होतं.

ते १९८१ साल, कापूस वेचणीचे दिवस. सकाळी उठून म्हणाले, "धुकं पडलं असन." धुकं नव्हतं. गावात ज्याने त्याने सांगितलं, मोतीबिंदू आहे, पिकू द्या. ते अगदीच अडाणीपणाचं नव्हतं. तेव्हा मोतीबिंदू पिकल्यावरच काढत. जानेवारीत शिबिरात नेलं तर डॉक्टरांनी बत्ती लावून पाहिलं आणि म्हणाले, पडद्यावर रक्त उतरलंय, आता काही होणार नाही. बीपी काही कोणी मोजलं नाही. आणि फेब्रुवारीत डोळा लाल झाला, दगडासारखा घट्ट. रात्रभर कळा, उलट्या. सासूबाई तव्यावर फडकं गरम करून शेकत बसत. मी नवी शिक्षिका, घरात शिकलेली तेवढीच. मी आधी का नेलं नाही, हे चाळीस वर्षं मनात आहे.

म्हणून या वेळी डाव्या डोळ्याने वाचत बसले. १८५१ साली जर्मनीत हेल्महोल्त्झने जिवंत डोळ्याच्या आत पाहण्याचं उपकरण प्रसिद्ध केलं. चारच वर्षांनी, १८५५ मध्ये, लीब्राइख नावाच्या तरुण डॉक्टराने पडद्यावर सांडलेल्या रक्ताचं वर्णन केलं. (त्याच्या दोन वर्षं आधी बोरीबंदर-ठाणे गाडी धावली, आमच्या कळंबला प्रवासी गाडी यायला २०२४ चा फेब्रुवारी उजाडला, पण तो वेगळा विषय!) १८७८ मध्ये युलियस मिशेलने सांगितलं की मूळ दुखणं रक्तस्राव नव्हे, मुख्य नीलेत अडकलेली गुठळी.

म्हणजे रोग सापडला. आणि पुढे जवळजवळ शंभर वर्षं डॉक्टर मंडळी तो नुसता पाहत राहिली. रक्त पातळ करून पाहिलं, हाती फारसं लागलं नाही. १९६१ मध्ये शिरेत रंग टोचून पडद्यावरच्या रक्तप्रवाहाचे फोटो काढता येऊ लागले. पंजाबातल्या खेड्यात जन्मून अमेरिकेत गेलेल्या सोहनसिंग हायरे यांनी मुख्य नीला बंद पडण्याचे सौम्य आणि जहाल असे दोन प्रकार वेगळे केले. जहाल प्रकारात उपाशी पडदा रक्तासाठी हाका मारतो, मग बुबुळाजवळ नको तिथे नव्या शिरा फुटतात, पाण्याची वाट अडते, डोळा घट्ट होतो. त्याला म्हणे शंभर दिवसांचा काचबिंदू म्हणतात. वाचताना मी बोटांवर मोजलं. नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी...

फांदी तुंबली तर लेसरने नजर सुधारते, हे अमेरिकेतल्या मोठ्या पाहणीत सिद्ध झालं १९८४ मध्ये. मुख्य नीलेच्या रोग्यांची सूज लेसरने उतरते पण नजर सुधारत नाही, हे कळलं १९९५ मध्ये. मला दिलं जाणारं इंजेक्शन तर कर्करोगाच्या संशोधनातून आलेलं. गाठीला रक्त पुरवणाऱ्या शिरा रोखणारं औषध २००४ मध्ये अमेरिकेत आतड्याच्या कर्करोगासाठी मंजूर झालं, पुढच्याच वर्षी ते डोळ्यात टोचून पाहिलं गेलं. त्याच घराण्यातल्या, खास डोळ्यासाठीच्या औषधाला नीलेच्या या दुखण्यासाठी मंजुरी मिळाली २०१० मध्ये. २०१५ पासून तसलंच भारतीय बनावटीचं निघालं.

तेव्हा १९८१ साली मी मामाजींना पहिल्याच दिवशी मुंबईला नेलं असतं तरी त्यांची नजर काही परत आली नसती. हे वाचून मी चष्मा काढून बराच वेळ बसून राहिले. पण त्या नव्या शिरा लेसरने वाळवायचं तेव्हाच्या मोठ्या शहरांत सुरू झालेलं होतं. म्हणजे नजर गेलीच असती. त्या रात्री कदाचित टळल्या असत्या. हे कदाचित माझ्याकडे राहिलं.

माझी दोन इंजेक्शनं झाली. लोक समजतात तसं भयंकर नसतं, थेंब टाकून डोळा बधिर करतात, मुंगी चावल्याइतकं कळतं. पायरीची कड अजून किंचित वाकते, पण पायरी दिसते. तिसरं पुढच्या सोमवारी.

परवा ह्यांचंही बीपी मोजून घेतलं, अर्थात भांडून. १६२ निघालं. बापाचा मुलगा! आता सकाळच्या गोळ्या दोघांच्या एकाच वाटीत असतात, ह्यांची पांढरी, माझी गुलाबी.