केमोथेरपीच्या काळात खाण्याबाबत चोखंदळ मुलाला कसे भरवावे?

तीन-चार वर्षांची बरीच मुले एरवीही ठरावीक तीन-चार पदार्थांपलीकडे जात नाहीत. केमोथेरपी सुरू झाली की तेही नकोसे होतात. वजन घटले तर मुलाला उपचार सोसणे जड जाते आणि जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. म्हणून घरच्यांचे सारे लक्ष मुलाच्या ताटाकडे लागते. पण या काळातला नकार बहुतेक वेळा हट्टाचा नसतो.

मूल का खात नाही?

केमोथेरपीची औषधे झपाट्याने वाढणाऱ्या पेशींवर मारा करतात. त्यात कर्करोगाच्या पेशींबरोबर तोंडाच्या आणि आतड्याच्या अस्तरातील पेशीही सापडतात. त्यामुळे मळमळ होते, तोंड येते, चव बदलते. रक्ताच्या कर्करोगात नेहमी दिल्या जाणाऱ्या विन्क्रिस्टीनमुळे बद्धकोष्ठता होते, कधी जबडाही दुखतो. उलट स्टेरॉइड चालू असताना भूक एकदम वाढते. लहान मुलाला यातले काही सांगता येत नाही. ते फक्त तोंड फिरवते.

आवडता पदार्थ राखून ठेवावा

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ इलीन बर्नस्टाइन यांनी १९७८ मध्ये केलेला एक अभ्यास प्रसिद्ध आहे. काही मुलांना केमोथेरपीच्या आधी अनोळखी चवीचे आइस्क्रीम देण्यात आले. पुढे तेच आइस्क्रीम समोर आल्यावर ती मुले ते टाळू लागली. मळमळीच्या आधी खाल्लेल्या पदार्थाशी शरीर त्या त्रासाची सांगड घालते. म्हणून केमोच्या दिवशी मुलाचा सर्वांत आवडता पदार्थ देऊ नये आणि त्यात कडू औषधही मिसळू नये. नाहीतर हक्काचा पदार्थ हातचा जातो.

रोजच्या जेवणात काय करावे?

• मळमळ थांबवणारे औषध डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळीच द्यावे.
• भरल्या ताटाऐवजी दर दोन-तीन तासांनी छोट्या वाटीत थोडे द्यावे. सकाळी बरे वाटत असेल, तर मुख्य जेवण तेव्हाच द्यावे.
• मुलाला चालणाऱ्या पदार्थातच भर घालावी. भातावर तूप, खिचडीत जास्त डाळ, नाचणीच्या खिरीत दूध, धिरड्याच्या पिठात अंडे.
• फोडणीचा वास सहन होत नसेल, तर मुलाला स्वयंपाकघरापासून दूर बसवावे. गरम जेवणापेक्षा कोमट जेवणाचा वास कमी येतो.
• तोंड आले असेल, तर मऊ भात, पेज, शिरा असे पदार्थ द्यावेत. तिखट, आंबट आणि कडक पदार्थ टाळावेत.
• तोंडाला धातूसारखी चव येत असेल, तर स्टीलऐवजी प्लॅस्टिकचा चमचा वापरून पाहावा.

जबरदस्ती नको

नाक दाबून भरवणे, रागावणे किंवा प्रत्येक घासाला आमिष दाखवणे यामुळे जेवणाची धास्ती बसते. काय आणि केव्हा द्यायचे ते मोठ्यांनी ठरवावे. किती खायचे ते मुलावर सोडावे. वीस-पंचवीस मिनिटांत खाल्ले नाही, तर न बोलता ताट उचलावे आणि पुढच्या वेळी पुन्हा द्यावे.

स्वच्छता

पांढऱ्या पेशी कमी असताना उघड्यावरचे पदार्थ, न उकळलेले दूध, कच्चे अंडे आणि आधीच चिरून ठेवलेली फळे देऊ नयेत. अन्न ताजे शिजवलेले असावे. काढे, पावडरी किंवा घरगुती औषधे डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नयेत.

रुग्णालयाशी केव्हा बोलावे?

मूल पाणीही घेत नसेल, वारंवार उलट्या होत असतील, लघवी कमी झाली असेल किंवा वजन घटत असेल, तर वाट पाहू नये. ३८ अंश सेल्सिअस (१००.४ फॅरनहाइट) किंवा त्याहून जास्त ताप आल्यास लगेच रुग्णालय गाठावे. खाणे फारच कमी पडले, तर डॉक्टर नाकातून पोटात जाणारी बारीक नळी सुचवतात. अनेक पालकांना ती आपली हार वाटते. प्रत्यक्षात नळीमुळे मुलाचे पोषण सुरू राहते आणि प्रत्येक घासावरून होणारी ओढाताण थांबते. बरे वाटू लागले की मूल पुन्हा तोंडाने खाऊ शकते.