वाऱ्याचें वजन

विमानाचा पंख विमानास वर उचलतो. तोच उलटा बसविला, तर वारा गाडीस खालीं दाबतो. विचार साधा खरा. परंतु शर्यतीच्या मैदानावर तो रुजण्यास काळ लागला. १९६६ सालीं अमेरिकेंतील जिम हॉल यांनीं आपल्या चॅपरल २ई गाडीवर उंच खांब उभारून असा पंख बसविला, आणि त्याच वर्षीं फिल हिल यांनीं लगुना सेका येथें तिला विजयी केलें. गाडी जड न करतां चाकांची पकड वाढवितां येते, हें सर्वांस पटलें.

परंतु वेग दुप्पट झाला कीं हा दाब चौपट होतो, आणि तो सारा खांबांवर येतो. १९६९ सालीं बार्सिलोना येथें ग्रॅहम हिल व योखेन रिंट यांच्या लोटस गाड्यांचे पंख मोडून दोन्ही गाड्या आदळल्या. लगेच मोनॅको येथें उंच पंखांस बंदी झाली.

१९९७ सालीं स्थापन झालेल्या इंग्लंडांतील रॅडिकल कंपनीनें हें तत्त्व हौशी माणसांच्या हातीं दिलें: हलका सांगाडा, मोटरसायकलचें इंजिन आणि मागें रुंद पंख. अशी गाडी बाळगणारा इंजिनाचें वय मैलांत नव्हे, तासांत मोजतो. वळणावर भिऊन वेग कमी केला, तर वाऱ्याचा आधारही कमी होतो. म्हणून येथें धैर्य हवेंच. मात्र सकाळीं पाना हातीं घेऊन पंखाचा प्रत्येक बोल्ट ज्यानें तपासला, त्याच्याच धैर्यास अर्थ आहे.